उपकारस्तुतीची वेळ

10 ऑगस्ट 2012 ची रात्र, लंडनचं ऑलिम्पिक मैदान. बायकांची पाच हजार मीटरची शर्यत संपली आणि इथिओपियाची मेसेरेत देफार पहिली आली. तिने जर्सीच्या आत हात घातला, छातीपाशी ठेवलेलं एक चित्र बाहेर काढलं आणि कॅमेऱ्यांसमोर धरलं. बाळ येशूला घेतलेली मरियामाता. मग तेच चित्र चेहऱ्याशी घट्ट धरून ती रडू लागली. आठ वर्षांपूर्वी अथेन्समध्ये तिला याच शर्यतीत सुवर्ण मिळालं होतं, बीजिंगला कांस्यावर थांबावं लागलं होतं, आणि आता ती पुन्हा पहिली आली होती.

ती शर्यत मी नंतरही पाहिली आहे आणि दर वेळी माझं लक्ष त्या चित्राशीच अडकतं. लांब पल्ल्याचे धावपटू अंगावरचं ओझं किती कसोशीने कमी करतात! बूट हलक्यात हलके, कपडे अंगालगत, वाऱ्यालाही अडायला जागा नको. अशा अंगावर ते चित्र साडेबारा फेऱ्या सोबत होतं. घामात भिजत होतं, श्वासाबरोबर वरखाली होत होतं. शेवटच्या फेरीत केनियाची व्हिव्हियन चेरुइयोत आणि देफारच्याच देशाची तिरुनेश दिबाबा तिच्याशी झुंजत होत्या, तेव्हाही ते तिथेच होतं. 15 मिनिटं 4.25 सेकंदांनंतर ते बाहेर आलं म्हणून जगाला दिसलं. देफार मागे पडली असती तर आपल्याला त्याचा पत्ताही लागला नसता, पण ते तिच्या छातीशी असतंच.

त्या शर्यतीत तिसरी आली दिबाबा. एका आठवड्यापूर्वी याच मैदानावर तिने दहा हजार मीटर जिंकले होते. दोघी एकाच देशाच्या, एकाच ऑर्थोडॉक्स चर्चच्या. इथिओपियाचं ते चर्च चौथ्या शतकापासूनचं, उपासतापासांत मुरलेलं, मरियामातेवर जीव लावणारं. म्हणजे दोघी त्याच प्रार्थना ऐकत वाढलेल्या. मग त्या रात्री मातेने ऐकलं कुणाचं? हा प्रश्न लोक बहुधा गप्प बसवण्यासाठी विचारतात. मला तो मनापासून पडतो, आणि तो टाळून या विषयावर काही बोलावं असं वाटत नाही.

जिंकलेला खेळाडू माइकसमोर येऊन प्रभू येशूचे आभार मानतो, तेव्हा पुष्कळांना अवघडल्यासारखं होतं. देवाला काय धावफलक बघण्याशिवाय दुसरी कामं नाहीत का, असं कुणीतरी म्हणतंच. हरलेल्यांचा देव वेगळा का, असंही. मला वाटतं, यात ऐकण्याची गफलत होते. आपण त्या शब्दांत दावा ऐकतो, की देव माझ्या बाजूने होता, म्हणजे तुमच्या बाजूने नव्हता. बोलणारं माणूस मात्र बहुतेक वेळा तसं काही म्हणत नसतं. ते साक्ष देत असतं.

मिरजेला आमच्या शेजारी वानलेस हॉस्पिटलात नर्स असलेल्या एक बाई राहत. आम्ही मुलं त्यांना सिस्टर मावशी म्हणायचो. कधी रविवारी त्या मला आपल्याबरोबर चर्चला नेत. उपासना चालू असताना एका टप्प्यावर पाळक विचारत, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मग माणसं एकेक करून उभी राहत. कुणी सांगे, लेकीचा ताप अकरा दिवसांनी उतरला. कुणी सांगे, विहिरीला पाणी लागलं. एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले आणि मुलाचं पत्र आलं, एवढंच सांगून खाली बसले. प्रत्येकाच्या शेवटी प्रभूची उपकारस्तुती. त्या बाईंच्या लेकीचा ताप उतरला म्हणून पलीकडच्या घरातलं जे मूल दगावलं त्याच्यावर देवाचा राग होता, असं तिथे कुणी मनातसुद्धा आणत नव्हतं. ज्याच्यावर जे गुदरलं, ते त्याने चारचौघांत सांगायचं आणि बसायचं. लहानपणी मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण ते स्वर कानात राहिले. खेळाडूंचं सामन्यानंतरचं बोलणं मी त्याच कानांनी ऐकतो.

भारताची फलंदाज जेमिमा रॉड्रिग्स हिचं बोलणंही मी तसंच ऐकलं. 30 ऑक्टोबर 2025, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील मैदान, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी. समोर ऑस्ट्रेलिया आणि त्यांच्या 338 धावा. एकदिवसीय क्रिकेटमध्ये बायकांच्या कुठल्याच संघाने तोवर एवढ्या धावांचा पाठलाग यशस्वी केला नव्हता. जेमिमाला वाटत होतं, आपण पाचव्या क्रमांकावर जाणार. ती अंघोळीला गेली होती. मैदानात उतरायच्या पाचेक मिनिटं आधी तिला कळलं की तिसऱ्या क्रमांकावर जायचं आहे. दुसऱ्याच षटकात ती खेळपट्टीवर होती आणि 49 व्या षटकात विजयी धाव झाली तेव्हाही तिथेच होती. 134 चेंडूंत नाबाद 127. अर्धशतक झालं, शतक झालं, तिने बॅट उंचावून जल्लोष केला नाही. अमनजोत कौरच्या बॅटमधून विजयी फटका गेला, तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.

नंतर, मातीने मळलेल्या त्याच जर्सीत, ती बोलायला उभी राहिली. सगळ्यात आधी तिने येशूचे आभार मानले, कारण हे तिला एकटीला जमणारं नव्हतं. मग आई, वडील, प्रशिक्षक, आणि तिच्यावर भरवसा ठेवणारी सगळी माणसं. त्या रात्री तिने जे सांगितलं, ते जिंकलेली माणसं सहसा सांगत नाहीत. या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडत होती. मन चिंतेने इतकं पोखरलं होतं की काहीच जाणवेनासं झालं होतं. स्पर्धेच्या सुरुवातीच्या सामन्यांत ती दोनदा शून्यावर बाद झाली होती, आणि इंदूरला इंग्लंडविरुद्ध तिला संघातून बाहेर बसवलं होतं. कुठल्या मैत्रिणी तेव्हा नुसत्या जवळ येऊन बसल्या, कुणासमोर ती रडली, हे तिने नावानिशी सांगितलं. खेळता खेळता आपण गळून जात होतो तेव्हा दीप्ती शर्मा चेंडूगणिक बोलून कसा धीर देत होती, तेही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आभार देवापाशी सुरू झाले आणि तिथेच संपले नाहीत. ते आईपर्यंत गेले, मैत्रिणींपर्यंत गेले, दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या दीप्तीपर्यंत गेले. ज्याला एकदा कळलं की हे सगळं आपल्या एकट्याचं नाही, त्याला मग देणारे हात दिसू लागतात, आणि ते बरेच निघतात. त्यांत काही हात तर समोरच्या संघाचे असतात. 82 वर असताना जेमिमाचा झेल एलिसा हीलीच्या हातून सुटला, 106 वर ताहलिया मॅकग्राच्या. हीली ही तिच्या पिढीतली थोर यष्टिरक्षक. असा झेल ती शंभरदा घेईल. त्या एका वेळी तो सुटला. खेळाडू कितीही घाम गाळो, कितीही सराव करो, एवढी जागा कुणाच्याच हातात नसते. तिला नशीब म्हणावं, योगायोग म्हणावा, कृपा म्हणावी. ती जागा ओळखून तिच्यापुढे मान झुकवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

शेवटी शेवटी अंगात त्राण नव्हतं, स्वतःशी बोलून बोलून शब्द संपले होते. तेव्हा ती बायबलमधलं एक वचन मनात घोळवत राहिली. ते ‘निर्गम’मधलं. इस्राएली लोकांच्या पुढे समुद्र आहे, पाठीमागे फारोचं सैन्य येऊन ठेपलं आहे, पळायला वाट नाही. मोशे त्यांना सांगतो की तुम्ही फक्त शांत राहा, तुमच्यासाठी परमेश्वर लढेल. मी हे ऐकलं आणि थबकलो. फलंदाजाला शांत उभं राहून कसं चालेल? त्या संध्याकाळी ती तर सतत पळत होती. एकाच्या दोन करत होती, मोकळ्या जागा हेरत होती, फटका मारला की दुसऱ्या टोकाला धाव घेत होती. तरी तिने सांगितलेलं मला पटतं. पाय पळत असताना आत कुठेतरी कुणीतरी स्थिर उभं असू शकतं. ज्यांनी कधी दवाखान्याच्या जिन्यावरून औषधं घेऊन वरखाली धावपळ केली आहे आणि त्याच वेळी मनात एकच नाव धरून ठेवलं आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

तिच्या त्या बोलण्यावर समाजमाध्यमांत काहींनी नाकं मुरडली. त्याच्या वर्षभर आधी तिच्या कुटुंबाच्या श्रद्धेवरूनही वाद झडले होते. मला त्याचं वाईट वाटलं, आणि नवलही. ही मुलगी भांडुपची, वांद्र्याची. वांद्र्याच्या टेकडीवर मोतमावलीची जत्रा सप्टेंबरात भरते तेव्हा नवस फेडायला येणाऱ्यांत कोण कुठल्या धर्माचा हे कुणी विचारत नाही. चढणीवरच्या दुकानांत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं, मेणाची बाळं मिळतात. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखणं बरं झालं, ते त्याने वाहायचं. गोव्यात फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं, ते मराठी ओव्यांत. रेव्हरंड टिळकांचे अभंग आजही मराठी चर्चमध्ये टाळांच्या साथीने म्हटले जातात. येशूचं नाव या मातीत चारशे वर्षं मराठीत घेतलं जात आहे. मैदानात पाऊल टाकताना सीमारेषेला हात लावून तो कपाळाला लावणारे खेळाडू आपण रोज पाहतो, आकाशाकडे बघून वडिलांची आठवण काढणारा सचिन आपण डोळे भरून पाहिला. मग याच ओळीत या मुलीची साक्ष का बसू नये?

पण एक गोष्ट ख्रिस्ती परंपरेच्या आतूनच टोचते, आणि ती बाजूला सारता येणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच सांगतो की लोकांनी पाहावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका. आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि मग प्रार्थना करा. मैदान म्हणजे तर चौकांचा चौक. ब्राझीलचा फुटबॉलपटू काका 2007 मध्ये अथेन्सला चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर वरची जर्सी काढून आतला सदरा दाखवत गुडघ्यांवर बसला, तेव्हा त्या सदऱ्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की मी येशूचा आहे. जगभर तो फोटो गेला. पुढे फुटबॉलच्या नियमांनी आतल्या सदऱ्यांवरचे सगळेच मजकूर बंद केले. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राझीलचीच सोळा वर्षांची स्केटबोर्डपटू रायसा लेआल काही बोललीच नाही. कॅमेरा तिच्यावर आला तेव्हा तिने खाणाखुणांच्या भाषेत, नुसत्या बोटांनी, सांगितलं की येशू हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे. ऑलिम्पिकचे नियम स्पर्धेच्या जागी धर्मप्रचाराला मनाई करतात, आणि मला तो नियम वाईट हेतूचा वाटत नाही. सगळ्या जगाला एका मैदानावर आणायचं तर अशी काही कुंपणं घालावी लागतात.

तरीही देफारचं चित्र आणि काकाचा सदरा यांचा विचार करताना एक जाणवतं. दोन्ही आत होते. सामनाभर, शर्यतभर कुणाला दिसत नव्हते. दार लावलेली ती खोली त्यांनी आपल्या जर्सीच्या आत नेली होती. नव्वद मिनिटं किंवा पंधरा मिनिटं ते त्या खोलीत होते आणि दार उघडलं ते सगळं संपल्यावर. यात दिखावा किती आणि भरून येणं किती, हे बाहेरच्याला कधीच कळणार नाही. बऱ्याचदा ते करणाऱ्यालाही कळत नसावं. आनंदाने ऊर दाटून आल्यावर माणूस जे करतो, त्याची अशी वाटणी करायला बसू नये असं मला वाटतं.

फिलिपिन्सची वेटलिफ्टर हिदिलिन दियाझ मला या सगळ्यांत फार जवळची वाटते. झांबोआंगाच्या गरीब घरातली, लहानपणी पाण्याचे कॅन वाहून आणणारी मुलगी. रिओला तिला रौप्य मिळालं. पुढच्या ऑलिम्पिकची तयारी करायला ती मलेशियात गेली आणि महामारीमुळे तिथेच अडकली. व्यायामशाळा बंद, म्हणून बांबूच्या दोन टोकांना पाण्याच्या बाटल्या अडकवून तिने सराव केला. 26 जुलै 2021 ला टोकियोत, 55 किलो वजनगटात, शेवटच्या खेपेला तिने 127 किलो डोक्यावर पेलले. एकूण 224, चीनच्या लियाओ च्युयुनचे 223. एक किलोचा फरक. 1924 पासून ऑलिम्पिकला जाणाऱ्या तिच्या देशाचं हे पहिलं सुवर्णपदक. नंतर ती गळ्यातलं मरियामातेचं छोटं पदक पुढे धरून दाखवत होती. तिच्यासाठी मित्रमंडळींनी नोव्हेना केली होती, नऊ दिवसांची प्रार्थना. वांद्र्याला, वसईला घरोघर करतात तीच. सगळं अंगबळाने उचलायच्या या खेळात, ज्यात दुसरं कुणी बोटभरसुद्धा मदत करू शकत नाही, तिथे ती बाई सांगत होती की मी हे एकटीने उचललं नाही. विचार केला तर हे विधान तर्कात बसत नाही, आणि तरी ते मला खरं वाटतं.

सांघिक खेळात हेच वेगळ्या सुरात येतं. रिओला 2016 मध्ये सेव्हन्स रग्बीचा अंतिम सामना फिजीने ग्रेट ब्रिटनविरुद्ध 43-7 असा जिंकला. जेमतेम नऊ लाख वस्तीचा देश, ऑलिम्पिकमधलं त्याचं हे पहिलंच पदक. सहा महिन्यांपूर्वी विन्स्टन वादळाने त्या बेटांची दैना केली होती, 44 माणसं गेली होती. सामना संपल्यावर ते दांडगे खेळाडू एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गोल करून उभे राहिले आणि त्यांनी एक भजन गायला सुरुवात केली. घोषणा दिल्या नाहीत, आरडाओरडा केला नाही. चर्चमध्ये लहानपणापासून गायलेलं, वरचे आणि खालचे सूर ज्याने त्याने आपोआप वाटून घेतलेलं गाणं. गावातल्या भजनी मंडळात बसलेल्यांना ते लगेच ओळखू येईल. एकाने उचलायचं, बाकीच्यांनी धरायचं, कुणाचा एकट्याचा आवाज वर काढायचा नाही. पदकं घेताना एकेक जण राजकन्या ॲन यांच्यापुढे आपल्या रीतीप्रमाणे गुडघा टेकून बसला. जिंकून इतकं खाली वाकलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही बरे होतात, एकच परत येऊन आभार मानतो, आणि तोही परका, शोमरोनी. येशू विचारतो की बाकीचे नऊ कुठे आहेत. ही गोष्ट चर्चमध्ये कृतज्ञतेवर बोलताना हटकून येते. माझं मन मात्र अकराव्याकडे जातं. गोष्टीत नसलेल्या, त्या दिवशी त्या वाटेवर नसलेल्या, बऱ्या न झालेल्या माणसाकडे. आठव्या आलेल्या धावपटूकडे, जिच्याही जर्सीत कदाचित एखादं चित्र असेल. तिच्यापुढे कुणी माइक धरत नाही. ती चित्र आत तसंच ठेवून, बूट हातात घेऊन निघून जाते. तिच्या प्रार्थनेचं काय झालं? मरियामातेने ऐकलं कुणाचं, या सुरुवातीच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. इतकंच म्हणेन की ज्यांची श्रद्धा मला खरी वाटली, त्यांनीही हा प्रश्न सोडवल्याचा आव आणलेला नाही.

ब्रिटनच्या जोनाथन एडवर्ड्सची गोष्ट या प्रश्नाच्या अगदी शेजारी उभी आहे. पाळकाचा मुलगा, तिहेरी उडी मारणारा. 1991 मध्ये टोकियोची जागतिक स्पर्धा त्याने सोडली, कारण रविवारी उडी मारायची नाही असं त्याने ठरवलं होतं. पुढे 1993 मध्ये, बराच विचार करून, त्याने तो निर्णय बदलला. 7 ऑगस्ट 1995 ला गोथेनबर्गमध्ये त्याने आधी 18.16 मीटर आणि लगेच पुढच्या उडीत 18.29 मीटर उडी मारली. त्या उडीपलीकडे आजवर कुणी गेलेलं नाही. सिडनीत 2000 साली त्याला सुवर्ण मिळालं, तेव्हा त्याच्या पिशवीत सार्डिन माशांचा एक डबा होता. येशूने पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजारांना पुरवले, त्याची आठवण म्हणून. 2003 मध्ये तो निवृत्त झाला. आणि काही वर्षांनी त्याने सांगितलं की आपली श्रद्धा उरलेली नाही.

हे वाचून काही श्रद्धावान दुखावले, काही अश्रद्ध खूश झाले. मला दोन्ही नकोसं वाटलं. ज्या माणसाने इतक्या प्रामाणिकपणे रविवार पाळला, तितक्याच प्रामाणिकपणे तो श्रद्धा सरल्याचं सांगत होता. त्याच्या 1995 च्या आभारांना 2007 मध्ये खोटं ठरवता येत नाही. त्या दुपारी त्या वाळूतून उठताना त्याच्या मनात जे दाटलं होतं, ते कुणाला तरी उद्देशून होतं आणि ते खरं होतं. फक्त मला कधीकधी वाटतं, आज त्याला ती उडी आठवत असेल, तेव्हा ते दाटलेलं मन तो कुणाकडे नेत असेल?

रविवारच्या गोष्टीत एरिक लिडल येणारच. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून ब्रिटनच्या सर्वांत वेगवान धावपटूंपैकी एक असलेला लिडल त्या शर्यतीत उतरला नाही. वेळापत्रक कळल्यावर त्याने चारशे मीटरची तयारी केली. 11 जुलैला, अंतिम शर्यतीच्या सकाळी, संघाच्या एका मालिशवाल्याने त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली; देवाचा मान राखणाऱ्याचा मान देव राखतो, अशा अर्थाचं बायबलमधलं वचन तिच्यावर होतं. बाहेरच्या धावपट्टीवरून, मान मागे टाकून, हात वेडेवाकडे फेकत लिडल धावला आणि 47.6 सेकंदांत जिंकला. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटामुळे एवढं पुष्कळांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षी तो चीनला गेला. जन्मही त्याचा तिथलाच, तिएन्त्सिनचा. तिथे शिक्षक झाला, मिशनरी झाला. युद्ध पेटलं तेव्हा बायकामुलांना त्याने कॅनडाला पाठवलं. 1943 मध्ये जपान्यांनी त्याला वेइशियनच्या छावणीत डांबलं.

त्या छावणीत आईवडिलांपासून तुटलेली पुष्कळ मुलं होती. ‘अंकल एरिक’ त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. रविवारी मात्र खेळ नाही, हे त्याचं ठरलेलं. मुलांना रविवार जाता जाईना. त्यांनी आपापली हॉकी सुरू केली आणि पंच नसल्याने त्यांच्यात मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा होता. तिथे वाढलेल्या मुलांनी मोठेपणी ही आठवण सांगितली आहे. ज्या रविवारसाठी त्याने ऑलिम्पिकमधली शर्यत सोडली, तो रविवार त्याने काही पोरांच्या भांडणापायी सोडून दिला. पॅरिसपेक्षा मला हा माणूस इथे मोठा दिसतो. पॅरिसला त्याने देवाला स्वतःचं काहीतरी दिलं होतं. वेइशियनला, ज्याच्या जोरावर तो जगात ओळखला जात होता तो नियमच त्याने मुलांच्या हवाली केला. 21 फेब्रुवारी 1945 ला, मेंदूतल्या गाठीने, वयाच्या 43 व्या वर्षी तो त्याच छावणीत गेला. त्या धुळीच्या मैदानावर कुठलं पदक नव्हतं, माइक नव्हता, आणि आभार मानण्यासारखं त्याच्यापाशी काय उरलं होतं असं कुणी विचारलं असतं तर त्याने बरंच काही सांगितलं असतं, असं त्या मुलांच्या आठवणी ऐकून वाटतं.

सिस्टर मावशींच्या चर्चमधली ती माणसं पुन्हा मनात येतात. मुलाचं पत्र आलं, पाणी लागलं. त्यांच्या साक्षींत विजय असे फार थोडे असत. म्हणून जेमिमाला भेटण्याचा योग आला, तर त्या 127 धावांबद्दल मी काही विचारणार नाही. त्याबद्दल तिने सगळं सांगून झालं आहे. तीन दिवसांनी, 2 नोव्हेंबरला, त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अंतिम सामना झाला. शेफाली वर्माने 87 केल्या, दीप्तीने 58 धावा आणि पाच बळी मिळवले, भारताच्या मुली पहिल्यांदा विश्वविजेत्या झाल्या. जेमिमाने 24 धावा केल्या. चांगली सुरुवात, मग बाद. अशा खेळी फलंदाजांच्या आयुष्यात ढिगाने असतात आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. मला त्या 24 धावांबद्दल विचारायचं आहे. बाद होऊन परत येताना, पायऱ्या चढताना, हेल्मेट काढून खुर्चीत बसल्यावर, तिने येशूला काय सांगितलं?